बालवाडीत शेत आणायचं, तर कुठलं?

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका खासगी बालवाडीत शिकवणाऱ्या ताईंचं पत्र आलं आहे. वर्गात तीन ते पाच वर्षांची २२ मुलं. शाळा इमारतीच्या वरच्या मजल्यावर, मैदान नाही, एक लांब गॅलरी तेवढी आहे. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला ताईंनी मुलांकडून मातीचे बैल करून घेतले. बैल करता करता एक मुलगा म्हणाला, "आमचा सर्जा विकला." काय बोलावं ते न सुचून ताईंनी विषय बदलला. संध्याकाळी त्याच मुलाचे वडील मुलाला न्यायला आले. मराठवाड्यातून येऊन ते कारखान्यात नोकरी करतात. मुलाचे मातकट कपडे पाहून ते चिडून म्हणाले, "आम्ही मातीतून बाहेर पडायला गाव सोडलं. तुम्ही फी घेऊन पोराला पुन्हा मातीतच बसवता?" मुलाचा बैल तिथेच टेबलावर ठेवून ते निघून गेले. इकडे संचालक मॅडमना डिसेंबरात 'फार्म वीक' हवा आहे. त्यात प्लास्टिकचे प्राणी, तक्ते, वर्कशीट, एक दिवस शेतकऱ्याचा पोशाख आणि शेवटी कृषी पर्यटन केंद्राची सहल. ताई शहरात वाढलेल्या आहेत. त्या विचारतात, "माती आणि बिया सोडून देऊन तक्ते-वर्कशीटवरच हा विषय घ्यावा का? नाहीतरी मला शेतीतलं काय कळतं?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वडिलांचं ते वाक्य मनात राहिलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की सर्जा विकल्याचं तुम्ही पहिल्या पानावर लिहिलंय आणि वडील चिडल्याचं तिसऱ्या पानावर. मधे गॅलरी, फी, मॅडम असं बरंच काही आहे. ही दोन पानं जरा शेजारी ठेवून पाहा. ज्या घरातला बैल विकला गेला, त्या घरातल्या माणसासमोर ऐन पोळ्याच्या संध्याकाळी, परमुलुखात, पोरानं केलेला मातीचा बैल आला. त्यांच्या मनात काय झालं असेल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तो राग तुमच्यावरचा नसावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी शक्यता अगदी साधी आहे. तुमच्या भागात नळाला पाणी रोज येतं का? पांढऱ्या गणवेशावरचा मातीचा डाग काढायला त्या मुलाच्या आईला किती बादल्या लागतात? आपण पालकांच्या बोलण्याचे मोठे मोठे अर्थ काढत बसतो आणि कधी कधी तिढा कपडे धुण्याचाच असतो. घरून वडिलांचा जुना शर्ट मागवा, तो पुढचं मागे करून मुलाला घाला, बाह्या दुमडा. माझ्या अनुभवात मातीबद्दलच्या निम्म्या तक्रारी एवढ्याने थांबतात.

उरलेल्या निम्म्या तक्रारींना मात्र मान द्यायला हवा. ज्यानं माती पाहिलीय ती नांगरून, पेरून, पावसाची वाट पाहून आणि शेवटी कर्ज मोजून, त्याच्यासाठी माती हा खेळ नाही. शहरी शाळेनं तिला 'ॲक्टिव्हिटी' म्हटलं की त्याला कुठेतरी लागतं. म्हणून त्यांना मातीत खेळण्याचे फायदे समजावून सांगायला जाऊ नका. समजावण्याऐवजी विचारा. "आम्ही वर्गात मेथी पेरणार आहोत. मला शेतीतलं कळत नाही. बी किती खोल टाकायचं?" एवढंच, दारात, दोन मिनिटं. त्यांना वर्गात बोलावून भाषण करायला लावू नका. कारखान्यातली पाळी करून आलेला माणूस थकलेला असतो. फोनवर अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवला तरी पुष्कळ. मुलाची आजी इथे राहत असेल तर मात्र तिला जरूर बोलवा.

यातच तुमच्या "मला काय कळतं" या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. वर्गात २२ मुलं आहेत, म्हणजे ८८ आजी-आजोबांचे धागे. औद्योगिक वसाहतीतल्या बालवाडीत त्यांतले बरेच धागे एखाद्या शेतापर्यंत जातात. तुम्ही शेतीतज्ज्ञ असायची गरजच नाही. कुणाला काय विचारायचं एवढं कळलं की झालं. पोळ्याचंच बघा. मराठवाडा-विदर्भातल्या घरांत तो श्रावण अमावास्येला, पुणे जिल्ह्यातल्या कित्येक गावांत भाद्रपदात, कोल्हापूर-सांगलीकडे त्याचं नाव बेंदूर आणि तो त्याआधीच होऊन गेलेला. नागपूरकडे तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लहान मुलं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठीच जणू ठेवलेला सण! हे कुठल्या तक्त्यावर मिळत नाही. तुमच्या वर्गाच्या दारात संध्याकाळी जे लोक उभे असतात, त्यांच्याकडे मिळतं.

आता तक्त्यांबद्दल. बाजारातला 'फार्म'चा तक्ता एकदा नीट पाहा. लाल कौलारू कोठार, पांढरं कुंपण, गवताची टोपी घातलेला एक बाप्या आणि डुक्कर-टर्की. तुमच्या वर्गातल्या एका तरी मुलानं असं शेत पाहिलंय का? आपल्याकडे गोठा आहे, खळं आहे, कडब्याची गंजी आहे, कणगी आहे. आणि लावणी, खुरपणी, कापणी करणाऱ्या बायका आहेत, ज्या त्या तक्त्यावर कधीच नसतात. मुलाला तो तक्ता पाठ होईल, पण आजी गावाला रोज जिथे जाते ते शेत आणि तक्त्यावरचं 'फार्म' यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्याला कळणारच नाही. पोशाखाच्या दिवसाचंही तसंच. पेन्सिलीनं मिशी काढून, मुंडासं बांधून मूल गोड दिसतं हे खरं. पण शेतकरी म्हणजे एक सोंग, हेही त्यातून शिकलं जातं. मॅडम पोशाखाला अडूनच बसल्या, तर मुलांच्या हातात खरं सूप द्या, डोक्याला आजीचं फडकं बांधा आणि त्यांना खरोखर काही पाखडू द्या.

मला विचाराल तर 'वीक' या शब्दाशीच माझं भांडण आहे. आठवड्यात काहीच उगवून हाताशी येत नाही. सोमवारी पेरलं तर शनिवारी जेमतेम कोंब दिसतील आणि तोवर फळ्यावर 'वाहतुकीची साधनं' आलेली असतील. तीन-चार वर्षांच्या मुलाला शेतातून जे मिळू शकतं, त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे वाट पाहणं. आज टाकलं, उद्या नाही, परवा नाही, मग एके सकाळी आहे. म्हणून डिसेंबरची वाट न बघता आत्ताच सुरू करा आणि 'फार्म वीक'ला त्या सगळ्याची अखेर होऊ द्या. मॅडमना आठवडाही मिळेल आणि दाखवायला खरं काहीतरी असेल.

सुरुवात नवरात्रापासून करता येईल, ते जवळच आलंय. बहुतेक मुलांच्या घरी किंवा शेजारी घट बसतात. मातीत धान्य पेरतात, नऊ दिवसांत ते वर येतं. वर्गात पूजा मांडायची नाही, सगळ्या घरांची मुलं आपल्याकडे असतात. फक्त त्याच दिवशी दोन पसरट भांड्यांत गहू पेरायचे. एक भांडं गॅलरीत उन्हात, दुसरं कपाटाच्या आत अंधारात. घटाजवळचे अंकुर पिवळसर का असतात हे मुलं स्वतःच येऊन तुम्हाला सांगतील. एका चिमुकलीनं मला सांगितलं होतं, "आतल्याला ऊन नाही मिळालं म्हणून ते आजारी दिसतंय." एवढं समजलं की चार वर्षांच्या वयाला पुरे.

मग मेथी. गॅलरीला ही सगळ्यात सोयीची. फळांचं जुनं खोकं किंवा पसरट ट्रे, खाली भोकं, चार बोटं माती, वर रात्रभर भिजवलेले मेथीचे दाणे, त्यावर मातीचा पातळ थर. तीन-चार दिवसांत वर येते, दोन आठवड्यांत बोटभर होते. मुंबईकडे वाळूत वाढवलेली बारीक 'समुद्र मेथी' जुड्यांनी विकतात, ती याच वयाची असते. मुलांनीच कात्रीनं कापायची, दोन-तीन पाण्यांतून धुवायची आणि थालिपिठात घालायची. स्वतः पेरलेली मेथी खायला सहसा कुणी नाही म्हणत नाही, भाजी पाहून तोंड फिरवणारी मुलंसुद्धा.

पाण्याचं मात्र सांभाळा. २२ मुलांनी रोज प्रेमानं पाणी घातलं की मेथी कुजणार हे नक्की. इथे शेतकऱ्याचीच रीत उचला. कालव्याच्या पाण्याची पाळी ठरलेली असते, तिला पाणीपाळी म्हणतात. रोज दोघांची पाणीपाळी, झाकणाला भोकं पाडलेली एक छोटी बाटली, तेवढंच पाणी. आपली पाळी कधी येणार हे मोजता मोजता मुलं वार शिकतात. मातीला बोट लावून ओल आहे का ते आधी बघायचं, ओल असेल तर त्या दिवशी पाणी नाही. आपली पाळी असूनही पाणी घालायचं नाही हे चार वर्षांच्या मुलाला फार जड जातं. रडू येतं. येऊ द्या.

पाण्याचाच आणखी एक खेळ मला फार आवडतो. मोठं घमेलं घ्या, त्यात माती भरा, बोटांनी तीन-चार सऱ्या पाडा, घमेल्याच्या एका कडेखाली वीट ठेवून उतार द्या. वरून मगातून बारीक धार सोडायची. एक सरी भरली की मातीनं तिचं तोंड बंद करायचं आणि दुसरीचं उघडायचं. शेतात याला दारं धरणं म्हणतात. ज्यांची वीज रात्रीच येते ते शेतकरी थंडीत रात्र रात्र हे काम करतात. त्या वडिलांनीही केलं असेल. मुलांना उतार, वळण, अडवणं, सोडणं हे सगळं हातानं कळतं, आणि एका वेळी चारच मुलं घेतली तर गॅलरीही फारशी भिजत नाही.

बियांच्या खेळांत एक छोटी गंमत करून पाहा. एका वाटीत ओल्या कापडावर अख्खे हरभरे, दुसऱ्या वाटीत हरभऱ्याची डाळ. आधी मुलांना विचारा, कोण उगवेल? बहुतेक जण दोन्ही म्हणतील. तीन-चार दिवसांनी हरभऱ्याला मोड येतात, डाळीला वास येतो. का, ते लगेच सांगू नका. लसणाच्या पाकळ्याही लावून घ्या, टोक वर करून. काही मुलं उलट्या लावतीलच. त्या तशाच राहू द्या, कोंब वळून कसा वर येतो ते बघायला मिळेल.

मोजायला वर्कशीट लागत नाही. मापटं किंवा शेर मिळाला तर उत्तम, नाहीतर डबे-वाट्या. एका टोपात ज्वारी. किती वाट्यांनी डबा भरतो? काठोकाठ कधी, आणि वर शीग, म्हणजे धान्याचा निमुळता ढीग, कधी येते? 'शिगेला पोचणं' आपण बोलतो, पण मापावरची धान्याची शीग किती मुलांनी पाहिलीय? चार शेरांची एक पायली हे गणित पाच वर्षांच्या मुलाला चार वेळा ओतून कळतं. आणि वर्कशीट मागणाऱ्या पालकांना हे दाखवा: मेथीचा एक एक दाणा चिमटीत धरून टाकायला जी तीन बोटं लागतात, तीच उद्या पेन्सिल धरणार आहेत.

मॅडमशी बोलताना थोडा आधार हवा असेल तर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत स्तर मानला आणि २०२२ साली त्याचा जो अभ्यासक्रम आराखडा आला, त्याचा सगळा भर खेळातून आणि हाताळून शिकण्यावर आहे. पण मला त्याहून जुनी गोष्ट जवळची वाटते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ पासून ते काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या मधोमध गेलं. महागडी साधनं परवडत नव्हती, तेव्हा बिया, पानं, खडे, शिंपले हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच अंगणात नेली. जी मुलं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. आपण वर्गात शेत कसं आणायचं याचा विचार करतोय. त्यांनी शाळा शेताकडे नेली आणि गुरं राखणाऱ्या पोराला जे येतं ते ज्ञान आहे असं मानलं. तुमच्या वर्गातल्या त्या मुलालाही बैलाबद्दल तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

काळजीच्या काही गोष्टी न विसरता पाळा. कृषी सेवा केंद्रातून आणलेलं गुलाबी-निळ्या रंगाचं बियाणं मुलांच्या हाती अजिबात देऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. स्वयंपाकघरातलं धान्यच वापरा. एरंडाच्या आणि गुंजेच्या बिया कितीही सुंदर दिसल्या तरी आणू नका, त्या विषारी आहेत. लहान मुलं दाणे नाकात घालतात, ओलाव्यानं ते आत फुगतात. म्हणून दाण्यांचा खेळ मोठं माणूस शेजारी बसलेलं असतानाच, एका वेळी चार-पाच मुलांचा. अख्खे शेंगदाणे, हरभरे या वयाला खायला देऊ नका, ते घशात अडकतात. मातीनंतर आणि जनावरांना हात लावल्यानंतर साबणानं हात, हे तर आलंच.

सहलीला माझा विरोध नाही. पण तीन वर्षांचं मूल दोन तास बसमधून जाऊन, बैलगाडीत एक फेरी मारून, फोटो काढून परत येतं तेव्हा त्याच्या लक्षात बहुधा बस राहते. जायचंच तर जवळचं ठिकाण निवडा, फवारणी नुकतीच झालेली नाही ना ते आधी विचारा, आणि एकच गोष्ट बघायला जा. डिसेंबरच्या शेवटी-जानेवारीत ज्वारी हुरड्यात येते. कोवळं कणीस, आगटी, हातावर चोळलेले गरम दाणे, एवढं पुरे. तिथे काम करणाऱ्या मावशींशी मुलांना बोलू द्या, त्यांच्या कामाच्या मधे न येता.

पैसे नसतील किंवा पालक तयार नसतील, तर गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत न्या. हे मी सहलीच्या बदल्यात नाही, सहलीच्या आधी सुचवेन. मुलांनीच निवडलेली ज्वारी डब्यातून न्यायची, दळताना बघायची, येताना डबा हाताला गरम लागतो तो अनुभवायचा, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी आजीनं वर्गात भाकरी थापायची. भाकरी फुगली की २२ मुलं एकदम ओरडतात. मी ऐकलंय ते.

आणि समजा, पेरलं आणि उगवलंच नाही? होतं असं. जुनं बी, जास्त पाणी, गॅलरीतली कबुतरं. अशा वेळी रात्री गुपचूप दुसरा ट्रे आणून ठेवू नका. मुलांना सांगा, "उगवलं नाही. आपण पुन्हा पेरू. शेतकऱ्यांनाही असं करावं लागतं, त्याला दुबार पेरणी म्हणतात." कर्ज, दुष्काळ हे या वयाला सांगायचं नाही. पण शेत नेहमी हिरवं आणि हसरं असतं असं खोटंही सांगायचं नाही. दुबार पेरणी हा शब्द त्या मुलानं घरी जाऊन उच्चारला, तर त्याच्या वडिलांना कळेल की इथे शेताची नुसती नक्कल चाललेली नाही.

आता सर्जाबद्दल. "विकला" म्हटल्यावर तुम्ही विषय बदललात त्याबद्दल स्वतःला फार बोल लावू नका, कुणीही गडबडतं. पण तो विषय अजून संपलेला नाही. एखाद्या दिवशी त्याच्या शेजारी बसून विचारा, "कसा होता तुमचा सर्जा? पांढरा की तांबडा? शिंगं कशी होती?" का विकला, कुणाला विकला, हे विचारायचं नाही. तो सांगेल तेवढं ऐका. रडला तर जवळ घ्या आणि म्हणा, "आठवण येते ना." कदाचित त्याला चित्र काढायचं असेल, कदाचित काहीच नको असेल.

तो टेबलावर राहिलेला बैल तुम्ही जपून ठेवलाय असं लिहिलंय. बरं केलंत. वाळलेली माती दप्तरात फुटते, तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला. एखादं शिंग निघालं असेल तर आधी डिंकानं चिकटवून एक दिवस तसंच राहू द्या. दप्तरातून पाठवू नका. मेथीचं विचारायला दारात उभ्या राहाल ना, तेव्हा त्याच्या वडिलांच्या हातात द्या.